थंड ठिणगीवर भरवसा नको

गडचांदूर सोडलं की सिमेंट कारखान्यांची धूळ मागे राहते आणि जिवतीचा रस्ता माणिकगडच्या डोंगराला लागतो. जुन्या पेट्रोल जीपचं खरंखोटं याच चढावर कळतं. एका मे महिन्यात माझी जीप इथे सलग तीन खेपा बंद पडली. पायथ्याशी एका हँडलवर सुरू व्हायची, वीस-पंचवीस मिनिटं ठणठणीत चालायची, मग दोन-तीन ठसके देऊन गप्प. झाडाखाली अर्धा तास उभी केली की जसं काही घडलंच नाही अशी पुन्हा सुरू. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं प्लग काढून ब्लॉकला टेकवला, सेल्फ मारायला लावला, निळी ठिणगी दिसली. "भाऊ, करंट तं बराबर येऊन राह्यला," म्हणाला आणि पेट्रोलच्या मागे लागला. फ्युएल पंप बदलला, कार्बोरेटर धुतला, मनाचं समाधान म्हणून कॉइलही नवी टाकली. चौथ्या खेपेला गाडी त्याच वळणावर थांबली.

दोष निघाला बोटाच्या पेराएवढ्या कंडेन्सरमध्ये. थंड असताना चांगला, तापला की निकामी. ठिणगी आम्ही पाहिली होती, पण ती सावलीत निवलेल्या इंजिनाची आणि उघड्या हवेतली. तापलेल्या, चढावर जोर करणाऱ्या इंजिनाला ती मिळते का, हे पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं. जुन्या मोटारीच्या इग्निशनचा कुठलाही भाग ज्या अवस्थेत काम करतो त्याच अवस्थेत तपासायचा, एवढं त्या उन्हाळ्यानं शिकवलं. तो दाबाखाली, तापलेला आणि ओला असताना कसा वागतो, हे पाहिल्याशिवाय त्याला चांगला म्हणू नका. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीचा विस्तार आहे.

आधी गाडीची पद्धत ओळखा

जुन्या मोटारींत ठिणगी पाडण्याच्या तीन मुख्य पद्धती आढळतात. कोणती आहे ते ठरल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नका, कारण एकीचे नियम दुसरीला लावले की चांगला भागही बिघडतो.

पहिली थरथरत्या कॉइलची. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत बॅटरी आणि अशीच कॉइल होती. या पद्धतीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त संख्येनं बनलेली फोर्ड मॉडेल टी. चार सिलिंडरना लाकडी डब्यातल्या चार स्वतंत्र कॉइल, पुढच्या बाजूला त्यांना आळीपाळीनं वीज देणारा टायमर आणि फ्लायव्हीलवर बसवलेल्या १६ चुंबकांचा मॅग्नेटो. सुरू असताना डब्यातून मधमाश्यांसारखी गुणगुण ऐकू येते.

दुसरी उच्च दाबाच्या मॅग्नेटोची. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली तो तयार केला. चुंबक, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर सगळं एकाच पेटीत. बॅटरी लागत नाही, इंजिन फिरलं की वीज तयार. शेतातल्या पेट्रोल-रॉकेलवर चालणाऱ्या पंपाचं इंजिन ज्यांनी दोरी ओढून सुरू केलं आहे, त्यांच्या हाताला मॅग्नेटोची ओळख आधीपासूनच आहे.

तिसरी बॅटरी-कॉइलची. चार्ल्स केटरिंग यांनी ती कॅडिलॅकसाठी तयार केली आणि १९१०च्या गाड्यांत ती आली. १९१२ साली त्याच कंपनीच्या गाडीला सेल्फ स्टार्टर लागला. मग बॅटरी तशीही गाडीत असायचीच, त्यामुळे मॅग्नेटो हळूहळू मागे पडला. आपल्याकडे जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, पुढे महिंद्राच्या जीप आल्या, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट निघाल्या. या सगळ्या याच घराण्यातल्या. चंद्रपूर-गडचिरोलीत जुनी पेट्रोल गाडी म्हणून जे हाती लागतं, ते बहुधा जीपच. त्यातल्याही कित्येकींत डिझेल इंजिन टाकलेलं असतं आणि डिझेलला ठिणगीच नसते. तुमच्याकडे अजून मूळ पेट्रोल इंजिन असेल तर तो ठेवा आहे असंच समजा.

उघड्यावरची ठिणगी का फसवते

साध्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला विजेला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. जीपच्या प्लगची गॅप पाऊण मिलिमीटर. म्हणजे ब्लॉकला टेकवलेल्या प्लगवर दोन-अडीच हजार व्होल्टमध्ये काम भागतं. सिलिंडरच्या आत मात्र हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलेलं असतं. सीजे-३बी जीपच्या हरिकेन इंजिनात हे दाबण्याचं प्रमाण सुमारे सातास एक. हवा जितकी दाबलेली, तितकं तीच गॅप ओलांडायला वीज जास्त जोर मागते. त्यात चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरता, सिलिंडर पूर्ण भरतं आणि दाब आणखी वाढतो. म्हणूनच अशक्त कॉइल सपाटीवर गाडी चालवते आणि घाटात दगा देते.

यावरचा उपाय सोपा. एक जुना प्लग घ्या, त्याची बाजूची दांडी कापून टाका आणि त्याला तार बांधून ब्लॉकला अर्थ करा. आता मधल्या टोकापासून प्लगच्या कडेपर्यंत वीज उडी मारेल. किंवा कॉइलची मुख्य वायर इन्सुलेटेड पक्कडीत धरून इंजिनाच्या स्वच्छ लोखंडापासून सहा मिलिमीटरवर ठेवा. तेवढं अंतर निळी-पांढरी ठिणगी टणक "टक्" आवाज करत ओलांडत असेल तर जोर आहे. पिवळट, बारीक, निमूट ठिणगी आली तर नाही. हे करताना जवळ पेट्रोल सांडलेलं नसावं, प्लगच्या उघड्या भोकातून वाफ येते तिथून लांब राहावं. छातीत पेसमेकर असलेल्यानं ही तपासणी दुसऱ्याकडून करून घ्यावी.

गाडी रस्त्यात बंद पडली तर बॉनेट उघडून लगेच, इंजिन निवायच्या आत ठिणगी पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. अशा वेळी पेट्रोलच्या नळीत वाफ कोंडून गाडी बंद पडते, आणि कंडेन्सर तापला तरी अगदी तशीच बंद पडते. दोन्हींत अर्धा तास थांबलं की गाडी सुरू होते. त्यातला फरक कळतो तो फक्त बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत. त्या वेळी ठिणगी जोरदार असेल तर पेट्रोल पाहा, नसेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. माझ्या तीन खेपा आणि एक फ्युएल पंप वाचला असता तो इथेच.

लागणारी हत्यारं

फार काही लागत नाही. फिलर गेज, साधा मल्टिमीटर, दोन वायरी जोडलेला गाडीचा एक छोटा बल्ब, इन्सुलेटेड पक्कड, बारीक पॉलिश पेपर, स्वच्छ चिंधी आणि पाण्याची फवारणीची बाटली. फिलर गेज नसला की काही जण हॅकसॉ ब्लेड वापरतात. त्याची जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. अडल्यावेळी प्लगसाठी ते चालून जाईल, पॉइंटसाठी नाही. आणि एक वही. ती का, ते शेवटी सांगतो.

बॅटरी-कॉइलचे भाग, स्वस्तापासून महागाकडे

*बॅटरी आणि अर्थ.* कॉइल खराब म्हणून जे फेकलं जातं, त्यात निम्मा दोष अर्थच्या पट्टीचा असतो. जुन्या जीपला सहा व्होल्टची बॅटरी असेल तर जास्तच जपा. बारा व्होल्टमधला एक व्होल्ट वाटेत गळाला तर बारावा हिस्सा जातो, सहामधला गळाला तर सहावा. म्हणून सहा व्होल्टला केबल जाड लागते. सेल्फ मारत असताना कॉइलच्या टोकाशी किती व्होल्ट मिळतात ते मीटरवर पाहा. नुसती चावी फिरवून दिसलेला आकडा पुरेसा नाही.

*पॉइंट.* जीपमध्ये पॉइंटची गॅप ०.५ मिलिमीटर, मिस्त्री तिला २० थाऊ म्हणतो. पॉइंट पूर्ण उघडे असताना, म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर असताना, ती मोजायची. गॅप मोठी झाली तर कॉइलला भरायला वेळ कमी मिळतो आणि वेगात गाडी मिस मारते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, यावरून हा वेळ किती थोडा असतो याची कल्पना येईल. गॅप लहान झाली तर टायमिंग मागे जातं आणि पॉइंट जळतात. कॅमला घासणारा फायबरचा तुकडा झिजत जातो आणि गॅप आपोआप लहान होते, म्हणून टायमिंग पाहण्याआधी गॅप.

पॉइंटची तोंडं करडी आणि सपाट असली तर ठीक. निळी पडलेली, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ असलेली असतील तर पॉइंटआधी कंडेन्सरवर संशय घ्या. स्वच्छ दिसणारे पॉइंटही फसवतात. ते मिटलेले असताना चावी ऑन करा आणि मीटरची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरी अर्थला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पॉइंटवर तेलाचा पापुद्रा आहे किंवा आतली अर्थची वायर तुटत आली आहे. नव्या पॉइंटवरही गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला असतो, तो बसवण्याआधी पुसा. मोजणी झाली की चावी लगेच बंद. पॉइंट मिटलेले आणि चावी ऑन, अशी गाडी पंधरा मिनिटं उभी राहिली तर कॉइल तापून जाते.

*कंडेन्सर.* पॉइंट उघडताना तिथे वीज उडी मारू पाहते. ती उडी अडवून कॉइलमधली वीज झटक्यात तोडायचं काम कंडेन्सर करतो. तो गेला की पॉइंटवर भलीमोठी पिवळी ठिणगी दिसते आणि प्लगवर काहीच नसतं. मीटरवर तो साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड दाखवतो. पण मीटर आतून नऊ व्होल्टवर चालतो आणि पॉइंट उघडतात तेव्हा कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्ट येतात. मीटरवर पास झालेला कंडेन्सर म्हणूनच गाडीत नापास होतो. गावातल्या वायरमनकडे इन्सुलेशन तपासायचा मेगर असतो. गाडीतून काढलेला कंडेन्सर आधी तसाच, मग हेअर ड्रायरनं हाताला सोसणार नाही इतका तापवून त्या मेगरच्या २५० व्होल्टवर पाहायला सांगा. तापल्यावर आकडा कोसळला तर तो टाकाऊ. तपासून झाल्यावर त्याच्या वायरीला बोट लावण्याआधी ती त्याच्याच पत्र्याला टेकवून त्यातली वीज उतरवा.

माझ्या जीपमधला कंडेन्सर नवा होता, दोन महिन्यांपूर्वी डब्यातून काढून बसवलेला. त्याआधीचा जुना मिस्त्रीनं "बदलून टाकू" म्हणत काढला होता. तो भंगाराच्या डब्यात सापडला, तपासला, बसवला. आजही तोच आहे. नवा भाग म्हणजे चांगला भाग हा समज तेव्हापासून सुटला.

*कॉइल.* बारा व्होल्टच्या साध्या कॉइलची लहान टोकांमधली ओहम मोजणी तीन ते चार येते, सहा व्होल्टच्या कॉइलची दीडच्या जवळपास. ज्या बारा व्होल्टच्या गाडीत बाहेर बॅलास्ट रेझिस्टर आहे, तिची कॉइलही दीडच दाखवते. म्हणून डबा उघडून कुठलीही कॉइल लावू नका. बॅलास्टची कॉइल बॅलास्टशिवाय थेट बारा व्होल्टवर लावली की ती आणि पॉइंट दोन्ही जळतात. मधल्या मोठ्या टोकापर्यंतची मोजणी काही हजार ओहम येते. हे आकडे जुळले म्हणजे वायर तुटलेली नाही इतकंच कळतं. आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन तापल्यावर फुटतं का, हे गाडी अर्धा तास चालवून त्याच गरम कॉइलवर सहा मिलिमीटरची ठिणगी पाहिल्यावरच कळेल.

दोन लहान टोकांच्या वायरी उलट लावल्या तरी गाडी चालते, पण कमजोर चालते. प्लगचं मधलं टोक तापलेलं असतं आणि तापलेल्या टोकाकडून वीज सहज निघते, म्हणून ते ऋण असावं लागतं. एखाद्या गाडीची अर्थ धनावरून ऋणावर आणली असेल तर कॉइलच्या वायरीही बदलल्या का, ते आवर्जून पाहा.

*रोटर, कॅप आणि वायरी.* कॅप काढा, रोटर जागेवर राहू द्या. कॉइलची मुख्य वायर पक्कडीत धरून रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून पाच मिलिमीटरवर न्या आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी उडाली तर रोटर आतून शाफ्टकडे वीज गळवतो आहे. चांगल्या रोटरवर काही दिसत नाही. कॅप उन्हात तिरकी धरून आत पाहा, केसासारखी काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. खरवडून पुरती जात नाही, कॅपच बदला. मधला कोळशाचा ब्रश स्प्रिंगवर मोकळा हलतो का तेही बोटानं बघा. वायरी तांब्याच्या असाव्यात, मीटरवर जवळजवळ शून्य ओहम. रबर वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर कोरड्या दिवसात चालणारी वायर पावसात बंद पडणार.

*डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट.* रोटर बोटांत धरून आडवा हलवा. हलला तर बुश झिजलेत. मग एका कॅमवर बसवलेली गॅप दुसऱ्या कॅमवर जुळत नाही आणि तुम्ही कितीही चांगले पॉइंट टाका, गाडी एका सिलिंडरवर मिस मारतच राहते. नंतर रोटर फिरण्याच्या दिशेनं किंचित वळवून सोडा. तो स्प्रिंगनं आपोआप मागे यायला हवा. आला नाही तर आतली वजनं अडकली आहेत आणि वेगात टायमिंग पुढे जात नाही.

*प्लग.* जुने मिस्त्री आजही "मायको प्लग" म्हणतात, बॉशच्या भारतातल्या मायको कंपनीवरून, जी १९५१ साली बंगळूरला सुरू झाली. प्लग वाचायचा तो काम करून आल्यावर. चढ पूर्ण केल्यावर सपाटीची जागा आली की क्लच दाबून चावी बंद करा, गाडी थांबवा आणि प्लग काढा. गावात रिकामं फिरवून काढलेला प्लग नेहमीच काळा दिसतो. कॉफीच्या रंगाचा असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं तेल म्हणजे रिंगांची तक्रार, त्याला नवा प्लग हा उपाय नाही. पांढराफटक, टोकं वितळल्यासारखी असतील तर टायमिंग फार पुढे आहे, पेट्रोल कमी पडतं आहे किंवा प्लग त्या इंजिनासाठी जास्त गरम प्रतीचा आहे.

*टायमिंग.* सगळे भाग पारखल्यावरच शेवटी. बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरी अर्थला. चावी ऑन करून इंजिन हँडलनं हळू फिरवा. पॉइंट उघडताच बल्ब पेटतो. त्या क्षणी टायमिंगची खूण पुस्तकात दिलेल्या जागी हवी. हरिकेन इंजिनात ती डेड सेंटरच्या ५ अंश आधी असते आणि फायरिंगचा क्रम १-३-४-२.

मॅग्नेटो असेल तर

मॅग्नेटो पारखताना सुरुवात हातानं करा. गाडीतून उतरवलेल्या मॅग्नेटोचा शाफ्ट हळू फिरवला की फेऱ्यात दोनदा तो ओढ घेतो आणि मग झटक्यानं पुढे जातो. ओढ मऊ लागली तर चुंबक थकलं आहे. मुख्य वायर अंगापासून पाच मिलिमीटरवर ठेवून शाफ्टला हातानं झटका द्या, तेवढ्या वेगातही ठिणगी पडायला हवी, कारण हँडल मारताना इंजिनाचा वेग तेवढाच असतो. मात्र ती वायर उघडी, अर्थपासून लांब लोंबकळत ठेवून मॅग्नेटो कधीही फिरवू नका. वीज बाहेर जायची वाट सापडली नाही की आतलं इन्सुलेशन फोडते.

नालाच्या आकाराच्या जुन्या चुंबकांना आणखी एक पथ्य आहे. आतला आर्मेचर बाहेर काढायच्या आधी चुंबकाच्या दोन पायांवर लोखंडाची पट्टी टाकायची. नाहीतर चुंबकाचा जोर तिथल्या तिथे कमी होतो आणि पुन्हा चुंबकित करून आणावं लागतं.

या जुन्या आर्मेचरच्या वेढ्यांना लाखेचा लेप असे. शंभर वर्षांनी ती लाख उष्णतेनं मऊ होते आणि वेढे एकमेकांना वीज देऊ लागतात. त्यामुळे मॅग्नेटोची गाडी थंड असताना छान सुरू होऊन वीस मिनिटांनी थांबली, तर पहिला संशय आर्मेचर आणि त्यातल्या कंडेन्सरवर. टेबलावर तपासताना मॅग्नेटो उन्हात ठेवून कोमट-गरम झाल्यावर पाहावा. पॉइंटची गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर, प्लगची ०.५ पेक्षा जास्त नको. स्लिप रिंगवरची कोळशाची भुकटी पेट्रोलच्या चिंधीनं पुसा. कित्येक मेलेले मॅग्नेटो एवढ्यानंच उठतात.

मॉडेल टीची गुणगुण

इथे कान कामाला येतो. गाडी चालू ठेवून एकेका कॉइलची थरथरती पट्टी लाकडी काडीनं दाबा. ज्या कॉइलचं तोंड बंद केल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तिचं सिलिंडर आधीच झोपलेलं होतं. आता ती कॉइल शेजारच्या जागी लावा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल वाईट, जागेवरच राहिला तर प्लग, वायर किंवा टायमर. प्रत्येक कॉइलनं सुमारे १.३ अँपिअर वीज घ्यावी आणि चारही जणी सारख्या असाव्यात. एक तरी वेगळी असेल तर त्या सिलिंडरचं टायमिंग वेगळं पडतं. आतला मूळ कागदी कंडेन्सर इतक्या वर्षांनी चांगला राहिलेला क्वचितच सापडतो. दुरुस्त करणारे त्याजागी ०.४७ मायक्रोफॅरडचा ४०० व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा आजचा कंडेन्सर बसवतात. डबा लाकडाचा असल्यानं ओल धरतो, पण तो कडक उन्हात वाळत घालू नका, आतलं डांबर वितळून बाहेर येतं.

हँडल मारण्याआधी ठिणगीचा लिव्हर मागे घ्यायला विसरू नका आणि अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटं फिरलं तर मनगट वाचेल.

पावसाची रात्र

आपल्या डोंगरावर जून ते सप्टेंबर धुकं, चिखल आणि सततची ओल असते. कोरड्या दिवशी पास झालेलं इग्निशन या चार महिन्यांत नापास होऊ शकतं. त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडाशी एक रात्रीची तपासणी करा. अंगणात दिवे बंद करून गाडी सुरू करा, बॉनेट उघडा आणि डोळे अंधाराला सरावले की वायरी, कॅप आणि कॉइलच्या डोक्यावर बाटलीनं हलकेच पाणी फवारा. जिथून वीज गळते तिथे निळसर रेघा नाचताना दिसतील. मल्टिमीटरला न सापडलेल्या भेगा या पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतात. हात मात्र लांब ठेवा, फिरता पंखा आणि पट्टा अंधारात दिसत नाहीत.

अशी गळती दिसली की वायर बदला. वरून ग्रीस फासून पाऊस काढायचा बेत करू नका, ग्रीस धूळ धरतं आणि धुळीचीच ओली वाट तयार होते.

जुना भाग विकत घेताना

राजुरा, नागपूर किंवा मुंबईच्या कुर्ल्यातल्या जुन्या बाजारात डिस्ट्रिब्युटर आणि मॅग्नेटो वजनावर विकत मिळाल्यासारखे दिसतात. घासून चमकवलेल्या भागापेक्षा धूळ बसलेला, कधी न उघडलेला भाग बरा. स्क्रूची डोकी बघा. ती चेपलेली असतील तर आत बरेच हात फिरून गेले आहेत. शाफ्ट हलवून पाहा, कॅपमधली रेघ शोधा, क्रमांकाची पट्टी मूळ आहे का ते तपासा. दुकानदार तिथल्या तिथे ठिणगी दाखवत असेल तर पाहा, पण किंमत त्या ठिणगीवर ठरवू नका. "तापवून पाहतो, नाही चालला तर परत" एवढी बोली करून घ्या.

बदललेला मूळ भाग फेकू नका. चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. त्यात नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं असलेली स्वतंत्र मालिका मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचं ५,००० रुपये. गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. डिझेल इंजिन टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी एवढं लक्षात आणा.

आता ती वही

एका वेळी एकच भाग बदला आणि लिहून ठेवा: तारीख, कोणता भाग, तेव्हा इंजिन गरम होतं की थंड, ऊन होतं की पाऊस, आणि गाडी कुठपर्यंत गेली. तीन भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर त्यातला खरा दोषी कोण ते कधीच कळत नाही, आणि दोन चांगले भाग भंगारात जातात.

माझ्या वहीत त्या उन्हाळ्याची शेवटची नोंद अशी आहे: "जुना कंडेन्सर. दुपारी २. गडचांदूरहून निघालो, जिवतीच्या चौकात पोचलो. न थांबता." मिस्त्रीला ती दाखवली. त्यानं वाचली आणि त्याच्या डब्यातले सात-आठ जुने कंडेन्सर काढून माझ्यासमोर ओतले. "हे बी तापवून पाहू मग," म्हणाला. त्यातले तीन चांगले निघाले.